फ्लेक्सवरचा समाजसेवक आणि वॉर्डातली सोशल वर्कर

आमच्या सांगली-मिरजेकडे समाजसेवक चौकाचौकात भेटतात, पण फ्लेक्सवर. पांढरा शर्ट, गॉगल, कानाला मोबाइल, मागे वाघ नाहीतर उगवता सूर्य आणि खाली पंचवीस-तीस शुभेच्छुकांचे गोल फोटो. त्यामुळे विट्याच्या एका ओळखीच्या मुलीने बी.ए. झाल्यावर घरात ‘मला एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून क्लिनिकल सोशल वर्कर व्हायचंय’ असं जाहीर केलं आणि तिच्या वडिलांनी मला फोन लावला, तेव्हा त्यांचा प्रश्न मला मुळीच वेडगळ वाटला नाही. ‘समाजसेवा करायला कॉलेज कशाला लागतंय ओ? आणि पोटापाण्याचं काय?’

मी स्वतः बरीच वर्षं दवाखान्यांत हेच काम केलंय. तरी अर्धा तास बोलून त्यांना पटवता आलं नाही. शेवटी ‘बरं, बघू’ म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यात या शिक्षणाबद्दल अलीकडे आलेल्या बातम्यांनी माहीतगारांचाही गोंधळ उडवलाय. कायदा एक पदवी मागतो आणि नेमकी तीच पदवी बंद होते, असा हा पेच आहे. म्हणून सगळं एकदा पहिल्यापासून लिहून काढतो.

आधी शब्दांचा घोळ

समाजसेवा म्हणजे मनाचा मोठेपणा. अन्नदान, रक्तदान शिबिर, अडल्यानडल्याला मदत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-वारणेला महापूर आला तेव्हा आपण ही सेवा डोळ्यांनी पाहिली. कोण बोट घेऊन गेलं, कोणी भाकरी-चटणीचे टेम्पो भरले. त्याला कुठलं सर्टिफिकेट लागत नाही आणि लागूही नये.

पण पाणी ओसरलं, फोटो काढणारे गेले, आणि मग पुढच्या पावसाळ्यात ढग गडगडले की उठून बसणारी म्हातारी उरली. घराची, जमिनीची कागदं वाहून गेल्याने मदतीच्या यादीत नावच न आलेला माणूस उरला. दोन्ही जनावरं गेल्यावर भिंतीकडे बघत बसणारा आणि संध्याकाळी गुत्त्यावर जाणारा बाप उरला. यांच्यासोबत काम करायला नुसता कळवळा पुरत नाही. काय विचारायचं, काय विचारायचं नाही, कोणाला कधी डॉक्टरकडे पाठवायचं, कुठला कागद कुठल्या टेबलावर द्यायचा, हे शिकावं लागतं. शिकून, नोंदी ठेवून, वरिष्ठाच्या देखरेखीखाली आणि पगार घेऊन जे करतात त्याला ‘समाजकार्य’ म्हणतात. त्यातलं जे काम आजारी किंवा मनाने खचलेल्या माणसासोबत आणि त्याच्या घरच्यांसोबत थेट चालतं, ते क्लिनिकल समाजकार्य.

आपल्याकडे दारावर ‘क्लिनिकल’ अशी पाटी क्वचितच दिसते. साध्या दवाखान्यात असेल तर मेडिकल सोशल वर्कर, मानसोपचार विभागात असेल तर सायकिअॅट्रिक सोशल वर्कर. सरकारी भाषेत ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ आणि ‘समाजसेवा अधीक्षक (मनोविकृती)’. म्हणजे सरकारने सुद्धा घोळ घातलाच, काम समाजकार्याचं आणि पाटी समाजसेवेची. पेशंटच्या तोंडी मात्र एकच नाव, ‘सोशल वर्कर मॅडम’. माझ्या आधी त्या खोलीत एक बाई होत्या. मी रुजू होऊन चार वर्षं झाली तरी शिपाई लोकांना ‘ते बघा, मॅडमच्या खोलीत जावा’ असंच सांगायचा.

टेंभूचं पाणी आणि टेलचं शेत

काम नक्की काय, हे मी आपल्या भागातल्या माणसाला असं सांगतो. ‘टेंभूचं पाणी सोडलं’, म्हणजे टेंभू उपसा सिंचन योजनेचं, अशी पेपरात बातमी येते. मोटारी चालू झाल्या, कालवा भरला, अधिकाऱ्यांचं काम झालं. पण शेवटच्या टोकाच्या, टेलच्या शेतात ते पाणी पोचलं का? मध्ये कुणी दारं फोडलं, कुठं पाट खचला, कुणाची पाळी हुकली, हे कालव्यावर पायी फिरणाऱ्या पाटकऱ्यालाच कळतं.

डॉक्टर पाणी सोडतो. ते काम मोठंच आहे. पण चिठ्ठीवर लिहिलेली गोळी पेशंटच्या पोटात रोज जाईपर्यंत मध्ये किती दारं फुटलेली असतात! एसटीचं भाडं, बुडालेला रोजगार, सासूचा अंगाऱ्यावरचा विश्वास, नवऱ्याची दारू, शेजाऱ्यांची कुजबुज. आणि बऱ्याचदा नुसती लाज. क्लिनिकल सोशल वर्कर हा त्या पाटावरून चालणारा माणूस.

ही कल्पना आजची नाही. १९०५ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांच्या लक्षात आलं, की क्षयाच्या गरीब रोग्याला ‘विश्रांती घ्या, सकस खा’ सांगणं म्हणजे जवळजवळ थट्टाच. त्यांनी दवाखान्यात सोशल वर्कर नेमायला सुरुवात केली. आपल्याकडे १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचं पहिलं महाविद्यालय निघालं, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. आणि १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पहिली मेडिकल सोशल वर्कर नेमली गेली.

जतकडचं एक घर

आता एक उदाहरण जरा जवळून सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

जत तालुक्यातला पंचविशीतला मुलगा. स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास होणं, कोणीतरी आपल्या वाईटावर आहे असं ठाम वाटणं, हळूहळू माणसांतून उठणं. औषधावर आजार आटोक्यात राहतो, पण औषध दीर्घकाळ आणि न चुकता घ्यावं लागतं. हा मुलगा वर्षभरात तिसऱ्यांदा बिघडून ॲडमिट झाला होता. केसपेपरवर शेरा होता, ‘गोळ्या नियमित घेत नाही.’ राउंडला डॉक्टर बापावर चिडले होते. बाप खाली मान घालून ‘देतो की साहेब’ एवढंच म्हणत होता.

मी बापाला बाहेर बाकावर घेऊन बसलो. पहिल्या दिवशी काही हाती लागलं नाही. दवाखान्यात माणूस खरं बोलत नाही. तो जे बोलायला पाहिजे ते बोलतो. मग घरभेट काढली. दोन खोल्या, पुढे पत्र्याचं शेड, दाराशी शेळी. गोळ्या कुठं ठेवता विचारल्यावर आईने खुंटीवरची प्लास्टिकची पिशवी काढली. आत स्ट्रिपा होत्या, आणि प्रत्येक गोळी कात्रीने कापून अर्धी केलेली.

‘डॉक्टरांनी अर्धी सांगितली होती का?’

‘न्हाई. पंधरा दिसाच्या गोळ्या म्हैनाभर पुरवायच्या तर काय करायचं, दादा?’

दवाखान्यात गोळ्या फुकट मिळत होत्या, पण पंधरा दिवसांच्याच. न्यायला यायचं म्हणजे बापाचा दिवसाचा रोजगार बुडणार, वर दोघांचं एसटीचं भाडं. महिनाअखेरीला साखर पुरवून वापरावी तशी ती माउली गोळ्या पुरवून वापरत होती. म्हणजे गाठ निष्काळजीपणाशी नव्हतीच, काटकसरीशी होती. केसपेपरवरचा शेरा अक्षरशः खरा होता आणि तरी चूक होता.

पुढची कामं बघा, एकही ‘थोर’ नाही. मुलगा स्थिर झाल्यावर डॉक्टरांशी बोलून गोळ्या एका वेळी महिन्याच्या लिहून घेतल्या. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम जवळच्या ज्या सरकारी दवाखान्यात ठरलेल्या दिवशी येते, तिथे कागद वर्ग केले, म्हणजे सांगलीची फेरीच वाचली. औषध न्यायला बापाऐवजी आईने यायचं ठरलं, कारण मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि बापाचा रोजगारही वाचतो. मानसिक आजारही दिव्यांगत्वाच्या कायद्यात येतो, २०१६ च्या कायद्याने मोजलेल्या २१ प्रकारांत तो आहे. त्याचं प्रमाणपत्र काढायला घेतलं. त्याला सहा महिने लागले, आणि त्या सहा महिन्यांवर वेगळा लेख होईल.

सगळ्यात अवघड काम घरातलं होतं. बाप येता-जाता ‘खातोस आन् झोपतोस, बैलाचं तरी काम हाय’ असं टाकून बोलायचा. त्यात दुष्टावा नव्हता. त्याला पोरगं आळशी झालंय असं मनापासून वाटायचं. गोळीने येणारी गुंगी, आजाराने मरगळलेलं मन आणि आळस या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला पटवायला चार बैठका लागल्या. चौथ्या बैठकीत त्याने विचारलं, ‘मग त्याला शेळी राखाय दिली तर चालंल का?’ तो प्रश्न माझ्या नोंदवहीत तारखेसह आहे.

‘हे डॉक्टर, नर्स बघत नाहीत का?’

ओपीडीत डॉक्टरला एका पेशंटमागे मोजकी मिनिटं मिळतात. घरभेट सोडाच, खुंटीवरच्या पिशवीपर्यंत प्रश्न नेणंही जमत नाही. दोष त्यांचा नाही. नर्सवर वॉर्ड असतो.

बाकीच्यांशी होणारी गल्लत मात्र नीट सोडवू. सायकिअॅट्रिस्ट हा एमबीबीएसनंतर मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषध तोच लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्रातून येतो, चाचण्या आणि मानसोपचाराच्या बैठका घेतो. जन आरोग्य योजनेच्या टेबलावर बसणारा आरोग्यमित्र योजनेचे कागद बघतो. आणि सोशल वर्कर माणसाकडे त्याच्या घर, पैसा, जात, गाव, नोकरी यांच्यासकट बघतो. समुपदेशन तोही करतो, पण समुपदेशन करून झाल्यावर तहसील कार्यालयातही जातो. सायकॉलॉजिस्ट मित्र यावर नाराज होतील, पण माझ्या अनुभवात फरक बराचसा चपलांवरून कळतो. आमच्या झिजलेल्या असतात.

‘नुसतं बोलून काय फरक पडतो?’

पडतो, आणि तो मोजलेला आहे. १९५८ मध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये स्किझोफ्रेनियातून सुधारून घरी गेलेल्यांचा मागोवा घेतला. आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले लोक, भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांपेक्षा जास्त प्रमाणात पुन्हा आजारी पडत होते. आपल्या कानाला हे विचित्र लागतं. पुढच्या अभ्यासांत कारण उलगडत गेलं. घरात सतत टोचून बोलणं, राग धरणं किंवा उलट जीव गुदमरेल इतकी काळजी करणं, या वातावरणात आजार लवकर उलटतो. म्हणून घरच्यांसोबत बसणं हा उपचाराचाच भाग.

याचा अर्थ घर वाईट असा कोणी घेऊ नये. आपल्याच देशात १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रोग्यांच्या नातेवाइकांना सोबत राहायला बोलावलं. जागा कमी होती म्हणून म्हणा, पण नातेवाईक आजार समजून घेऊ लागले, रोगी लवकर घरी जाऊ लागले. पुढे कुटुंबाला सोबत घेऊन उपचार ही भारतीय मानसोपचाराची ओळखच झाली. बंगळूरच्या निम्हान्समध्ये, म्हणजे मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत, त्यासाठी वेगळा विभाग आहे.

आणि गरज किती? निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात शंभरात दहा-अकरा प्रौढ त्या वेळी कुठल्या ना कुठल्या मानसिक आजाराने त्रस्त आढळले, आणि वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. टेलची शेतं कोरडीच आहेत म्हणायची.

शिडी, आणि तिची मधली पायरी

आता विट्याच्या मुलीच्या कामाचं.

पहिली पायरी कुठलीही पदवी. बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलीच पदवी, असेल तर उत्तम, पण बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. कशावरही दोन वर्षांच्या एमएसडब्ल्यूला प्रवेश मिळतो. साताऱ्यात जकातवाडीला यशवंतराव चव्हाण समाजकार्य महाविद्यालय आहे, कोल्हापूरला सायबर ही संस्था आहे, पुण्यात १९६३ पासूनची कर्वे समाजसेवा संस्था आहे, आणि टाटा संस्थेचा मुंबईखेरीज तुळजापूरलाही कॅम्पस आहे. मेडिकल आणि सायकिअॅट्रिक हे स्पेशलायझेशन कुठे मिळतं ते आधी विचारायचं, कारण सगळीकडे नसतं.

या शिक्षणाचा जीव फील्डवर्कमध्ये आहे. आठवड्यातले साधारण दोन दिवस विद्यार्थी एखाद्या दवाखान्यात, संस्थेत किंवा वस्तीत काम करतो, संध्याकाळी सविस्तर रिपोर्ट लिहितो आणि शिक्षक तो लाल शाईने रंगवून परत देतात. ‘पेशंट रडला, मी धीर दिला’ असं मी पहिल्या वर्षी लिहिलं होतं. मार्जिनमध्ये बाईंनी विचारलं होतं, ‘धीर दिला म्हणजे नेमकं काय केलं? पेशंटला हवा होता की तुला?’ मी जे काही शिकलो ते त्या दोन प्रश्नांतून शिकलो.

दुसरी पायरी मानसिक आरोग्यात जायचं असेल तर. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा. २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात सायकिअॅट्रिक सोशल वर्करची व्याख्या आहे: समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर देखरेखीखालच्या प्रत्यक्ष कामासह पूर्ण वेळ दोन वर्षांची एम.फिल. ही एम.फिल. निम्हान्सला, रांचीला, आसामात तेजपूरला आणि पुण्यातल्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेत चालत आली.

पेच इथे आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. ही पदवीच काढून टाकायची ठरवली. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत ती थांबवली. मग लक्षात आलं की मानसिक आरोग्याच्या दोन क्षेत्रांत, क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअॅट्रिक सोशल वर्क, ही पदवी म्हणजे संशोधनाची पायरी नसून नोकरीचा परवाना आहे. तेव्हा यूजीसीने या दोनच विषयांना मुदतवाढ दिली, २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंतच्या प्रवेशांसाठी. ज्यांची एम.फिल. आधीच झाली आहे त्यांच्या पदवीला धक्का नाही.

दुसरीकडे २०२१ मध्ये केंद्राने सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या यादीत वर्तन-आरोग्य या गटात क्लिनिकल, सायकिअॅट्रिक आणि मेडिकल सोशल वर्कर अशी तिन्ही नावं आली आहेत. ही मोठी गोष्ट. आजवर या व्यवसायाला वकिलांसारखी, नर्ससारखी नोंदणीची परिषद नव्हती. फ्लेक्सवाला आणि आम्ही एकाच नावाखाली होतो. तेव्हा पुढची पात्रता या आयोगाच्या आणि मानसिक आरोग्य कायद्याच्या चौकटीत बसते का, हे बघूनच कुठल्याही नव्या कोर्सचे पैसे भरावेत. ‘सहा महिन्यांत क्लिनिकल सोशल वर्कर व्हा’ अशी ऑनलाइन जाहिरात दिसली तर पुढे सरकावं. त्यात कायद्याने मान्य असं काही नाही.

‘एवढं शिक्षण कशाला? बोलायलाच तर लागतं’

एकच कलम सांगतो. मानसिक आजाराच्या माणसाला त्याच्या संमतीशिवाय, त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (बहुधा नातेवाइकाच्या) अर्जावर दाखल करायचं असेल तर २०१७ च्या कायद्याच्या कलम ८९ नुसार दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावं लागतं. एक सायकिअॅट्रिस्ट. दुसरा डॉक्टर किंवा नोंदणीकृत मानसिक आरोग्य व्यावसायिक, आणि त्यात सायकिअॅट्रिक सोशल वर्कर येऊ शकतो. म्हणजे माणसाला डांबायचं की मोकळं ठेवायचं, या निर्णयावर तुमचं मत लागू शकतं. जमिनीच्या वादात भावाला ‘वेडा’ ठरवायला आलेले लोक मी पाहिलेत. गोड बोलतात, सोबत फळं आणतात. त्यांना ओळखायला शिक्षण लागतं.

अमेरिकेतलं वाचून हुरळू नका

नेटवर ‘क्लिनिकल सोशल वर्कर’ शोधलं की बहुतेक माहिती अमेरिकेची येते. तिथे एमएसडब्ल्यूनंतर देखरेखीखाली काही हजार तास काम करावं लागतं, बऱ्याच राज्यांत तीन हजारांच्या आसपास, आणि मग परीक्षा देऊन राज्याचा परवाना मिळतो. प्रत्येक राज्याचे नियम निराळे. परवाना मिळाला की स्वतःचा दवाखाना थाटता येतो, विमा कंपन्या पैसे देतात. तिथे मानसोपचाराच्या बैठका घेणाऱ्यांत सोशल वर्करची संख्या मोठी आहे.

आपल्याकडे सोशल वर्करने एकट्याने प्रॅक्टिस करणं अजून दुर्मीळच. काम टीममध्ये चालतं. तिकडचा परवाना इकडे चालत नाही, इकडची पदवी तिकडे आपोआप चालत नाही.

कामं कुठे असतात

सरकारी मेडिकल कॉलेजांत आणि जिल्हा रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षकांची पदं असतात. मिरजेचं सरकारी मेडिकल कॉलेज, सांगलीचं सिव्हिल, साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय ही आपली जवळची. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. आपल्याकडचे रुग्ण बहुधा येरवड्याला नाहीतर घाट उतरून रत्नागिरीला जातात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. त्याच्या टीममध्ये सोशल वर्करची जागा असते.

धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाने घालून दिलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. त्या खाटेपर्यंत खरा गरजू पोचवायचं काम बहुतेक ठिकाणी सोशल वर्करकडे असतं. इथे एक कडू गोष्ट सांगून ठेवतो. एका मोठ्या ट्रस्टच्या दवाखान्यात माझ्याकडून अपेक्षा एवढीच होती, की फॉर्म नीट भरून पेशंटला ‘खाटा भरल्या आहेत’ असं गोड शब्दांत सांगावं. मी सात महिन्यांत सोडलं.

अवयवदानात प्रत्यारोपण समन्वयक लागतो. २०१४ च्या नियमांत त्यासाठी डॉक्टर आणि नर्सशिवाय इतर पदवीधरही चालतात, आणि समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीला पसंती आहे. मेंदू मृत झालेल्या तरण्या मुलाच्या बापाशी पहिलं वाक्य काय बोलायचं, हे ज्याने शिकून घेतलंय त्यालाच तिथे पाठवावं. माझ्याच्याने ते काम दोनदा झालं, तिसऱ्यांदा मी नको म्हटलं.

एचआयव्हीच्या चाचणी आणि औषध केंद्रांत समुपदेशक असतात. या कामाचा सांगलीला जुना वारसा आहे. ‘संग्राम’ संस्था १९९२ पासून इथे वेश्याव्यवसायातल्या महिलांसोबत उभी आहे. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं ‘परिवर्तन’ व्यसनमुक्तीचं काम करतं. याशिवाय कौटुंबिक न्यायालयातले विवाह समुपदेशक, अत्याचारित महिलांसाठीची सखी केंद्रं, पोलीस ठाण्यांतले महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष (ही कल्पना टाटा संस्थेने १९८४ मध्ये मुंबईत आणली), बालगृहं, कर्करोगाची रुग्णालयं, शाळा. टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालू आहे, मराठीतही बोलता येतं. नंबर इथे दिलाय तो नोकरीसाठी नव्हे, लागला तर लावायला.

पगाराचं खरं खरं

सुरुवातीला कमी. सरकारी कायम पद मिळालं तर वेतनश्रेणी, रजा, सगळं चांगलं. पण जाहिराती वर्षानुवर्षं निघत नाहीत. आरोग्य अभियानातल्या बहुतेक जागा कराराच्या, मुदत संपत आली की पुढच्या ऑर्डरची वाट बघायची. छोट्या संस्थांत पगार प्रकल्पावर. कॉर्पोरेट रुग्णालयं, प्रत्यारोपण, परदेशी निधीवरचे मोठे प्रकल्प, अध्यापन इथे बरं मिळतं. फक्त पैशासाठी यायचं असेल तर सांगलीत हळदीचा व्यापार परवडेल.

लोक विचारत नाहीत तो खर्च दुसराच आहे. दिवसभर दुसऱ्याचं दुःख ऐकून माणूस घरी काय घेऊन जातो? म्हणून चांगल्या ठिकाणी सुपरव्हिजन असतं, म्हणजे अनुभवी वरिष्ठ आठवड्यातून एकदा तुमच्यासोबत बसून तुमच्या केसेस आणि तुम्हीही कसे आहात ते बघतो. वाईट ठिकाणी रजिस्टर तपासतात आणि त्याला सुपरव्हिजन म्हणतात.

‘पोरीला वेड्यांच्यात पाठवायची?’

वडिलांच्या मनात हे होतं, तोंडावर आलं नाही. मी सांगितलं ते असं. इतक्या वर्षांत वॉर्डात पेशंटने माझ्यावर हात उगारला तो एकदाच. नातेवाइकांनी, बिल थकल्यावर किंवा माणूस गेल्यावर, अनेकदा. धोका असतो, आणि घरभेटीला एकटं न जाणं, कुठे चाललो ते रजिस्टरला लिहून जाणं, ही शिस्त कॉलेजातच अंगी लावतात.

‘गावात बोभाटा होईल’ ही धास्ती पेशंटच्या घरची. रुग्णाची माहिती गुप्त राहण्याचा हक्क २०१७ च्या कायद्यात कलम २३ मध्ये दिला आहे. घरभेटीला मी कधी दवाखान्याच्या गाडीतून गेलो नाही. एकदा तासगावकडे एका द्राक्षबागायतदाराच्या घरी गेलो तर शेजाऱ्याने विचारलं, कोण तुम्ही? मी म्हटलं, बेदाण्याचा भाव विचारायला आलोय. त्याने पाऊण तास भाव सांगितला.

विट्याच्या वडिलांचा परवा पुन्हा फोन आला होता. फॉर्म भरायचं ठरतंय, कॉलेजात जाऊन काय काय विचारायचं ते लिहून द्या म्हणाले. चार प्रश्न लिहून पाठवलेत. फील्डवर्क कुठल्या दवाखान्यात देता? तिथे पूर्ण वेळ सोशल वर्कर आहे का? रिपोर्ट कोण तपासतं आणि किती दिवसांत परत देतं? आणि गेल्या तीन वर्षांतल्या मुली आज कुठे काम करतात, त्यांच्यातल्या दोघींचे फोन नंबर द्याल का?